मालतीबाईंची ‘बळी’ वाचली का?

विभावरी शिरूरकर म्हटलं की आजही पहिलं नाव निघतं ते ‘कळ्यांचे निःश्वास’चं. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी तो कथासंग्रह काढला आणि शिकल्यासवरल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं चारचौघांत मांडणारी ही बाई कोण, यावरून एकच गदारोळ उठला. ती होती घोडनदीच्या खरेमास्तरांची बाळूताई, हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली, मुलींना शिकवणारी. विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर ती मालती बेडेकर झाली. टोपणनावाच्या या कथेत आपण इतके रमलो, की बाईंची सगळ्यांत मोलाची कादंबरी मागेच पडली. निदान माझ्या लेखी ती सगळ्यांत मोलाची आहे.

ती ‘बळी’, १९५०ची.

तिची मुळं सोलापुरात आहेत. तिथल्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत मालतीबाईंनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस अधिकारी म्हणून काम केलं. सोलापूरकर त्या जागेला ‘सेटलमेंट’च म्हणतात. १८७१च्या इंग्रजी कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या होत्या. या वसाहतीभोवती काटेरी तारेचं कुंपण. आतल्या माणसांनी कापडगिरण्यांत राबायचं, पाळी सुटली की पुन्हा तारेच्या आत यायचं. हजेरी चुकवायची नाही. गावाला जायचं तर पास काढायचा. कुणी मेलं तरी आणि कुणाचं लग्न असलं तरी पास हवाच.

मालतीबाई तिथे कारभाऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीत होत्या, हे विसरून चालणार नाही. त्या खुर्चीतून माणसं रजिस्टरातल्या नावांसारखी दिसू लागतात. बाईंना ती तशी दिसली नाहीत. पांढरपेशा मुलींची घुसमट लिहिणाऱ्या लेखणीने मांग-गारुड्यांचं जगणं कादंबरीचा विषय केलं, तेही ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ ही भटक्या-विमुक्तांतल्या लेखकांची आत्मकथनं येण्याच्या कितीतरी आधी. ही नजर बाहेरच्या माणसाची, हे खरं. म्हणूनच ‘उचल्या’शेजारी ठेवून ‘बळी’ वाचली पाहिजे, आतून काय दिसतं आणि बाहेरून काय सुटतं, ते तेव्हाच कळेल.

पुढे याच बाईंनी १९८१ साली, पंचाहत्तरी उलटल्यावर, सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध मुंबईत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद घेतलं. सत्तेची खुर्ची जवळून पाहिलेल्या लेखिकेने त्या वयातही बाजू नेमकी निवडली.

जमातींना गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १९५२मध्ये गेला, त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तरी गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून विमुक्तांच्या पालांकडेच आधी वळते. मराठीच्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे : यंदा ‘कळ्यांचे निःश्वास’ शिकवाल, तेव्हा जोडीला ‘बळी’ही लावा.