खेळासाठी टीव्ही निवडताना



सुर्ल्याच्या एका गृहस्थांचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. पत्र लांबलचक असले तरी प्रश्न एवढाच होता : "माझ्या धाकट्या भावाने आखातातून मुलासाठी प्लेस्टेशन 5 पाठविले आहे. घरातील टीव्ही जुना, 32 इंचांचा असून त्याची एक बाजू काळवंडली आहे. मुलगा म्हणतो, 55 इंचांचा, 120 हर्ट्झचा टीव्ही हवा. दुकानदारही तेच म्हणतो आणि हप्ते बांधून द्यावयास तयार आहे. हे खरोखरच अवश्य आहे काय?" पत्राच्या अखेरीस, जणू सहज आठवले म्हणून, त्यांनी आणखी दोन ओळी घातल्या होत्या : "खेळात हरला की मुलगा टीव्हीला दोष देतो. मी बटण वेळेवर दाबतो, टीव्हीच उशीर करतो, असे म्हणतो. ह्या खोटेपणावरून घरात दोनदा मोठी बोलाचाली झाली. आता तो माझ्याशी नीट बोलत नाही."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर टपालाने देता आले असते. शेवटच्या ओळींसाठी मात्र आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो, कारण मुलगा खोटे बोलत नसावा अशी आम्हांस दाट शंका होती.

पावसाळ्याच्या तोंडावर वीज आधी चमकते आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो, हे आपण नेहमीच अनुभवतो. तसाच एक विलंब टीव्हीच्या पोटात दडलेला असतो. आजचा टीव्ही कन्सोलकडून आलेले चित्र जसेच्या तसे पडद्यावर ठेवीत नाही. तो ते क्षणभर अडवून धरतो, रंग चढवितो, कडा ठळक करतो, आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधले तिसरे चित्र स्वतःच कल्पून मध्ये घालतो. चित्रपट पाहताना हा उशीर कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो. खेळात मात्र बटण दाबणारे बोट आणि पडद्यावरील खेळाडूचा पाय ह्यांच्यामध्ये तो उभा राहतो. ह्यालाच 'इनपुट लॅग' म्हणतात. नेहमीच्या चित्र-मोडमध्ये कित्येक टीव्हींत हा विलंब 100 मिलिसेकंदांच्याही वर जातो. म्हणजे सेकंदाला 60 चित्रे दाखविणाऱ्या खेळात सहा चित्रे निघून गेल्यावर आपले बोट पडद्यावर पोहोचते. पेनल्टी अडविणाऱ्या गोलरक्षकास एवढा उशीर कसा परवडेल?

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत हा दोष जवळजवळ नव्हताच. नव्वदीच्या दशकात कॅसेट घालून खेळावयाचे जे स्वस्त संच आपल्याकडे घरोघरी आले, त्यांतील बंदुकीने बदके टिपण्याचा खेळ कित्येकांस आठवत असेल. ती बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर मुळीच चालत नाही, कारण तिची सारी करामत नळीच्या तात्काळ प्रकाशावर अवलंबून होती. फार काय, खेळ आणि टीव्ही ह्यांची जोडी जमविण्याचा प्रश्न कन्सोलच्या जन्माइतकाच जुना आहे. राल्फ बेअर ह्यांच्या कल्पनेतून निघालेला पहिला घरगुती कन्सोल, मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, 1972 साली अमेरिकेत विक्रीस आला, तेव्हा त्याच्याबरोबर टीव्हीच्या काचेवर लावण्याचे रंगीत पारदर्शक पडदे मिळत असत, आणि तेही दोन निरनिराळ्या मापांचे! त्याच वर्षी 2 ऑक्टोबर रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, हा योगायोग मौजेचा आहे.

असो. सुर्ल्याच्या त्या घरी आम्ही प्रथम काय केले ते सांगतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यात सावकाश चित्रण करण्याची सोय असते, आणि ती बहुधा सेकंदाला 240 चित्रे टिपते. मुलाचा अंगठा व पडदा एकाच चौकटीत येतील असा मोबाईल धरला, त्याला चेंडू मारावयास सांगितले, आणि बटण दाबल्यापासून खेळाडूचा पाय हलेपर्यंत किती चित्रे गेली ती मोजली. नंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा मोड 'स्टँडर्ड'वरून 'गेम'वर आणला आणि पुन्हा मोजले. खेळाला स्वतःलाही थोडा वेळ लागतोच, म्हणून दोन मोजण्यांतील फरक तेवढा टीव्हीचा समजावयाचा. फरक सुमारे वीस चित्रांचा निघाला, म्हणजे 80 मिलिसेकंदांहून अधिक. टीव्ही बसविण्यास आलेल्या माणसाने तो ज्या मोडवर ठेवला, त्याच मोडवर तो इतकी वर्षे चालला होता.

मुलगा काही न बोलता पुन्हा खेळू लागला. पाचएक मिनिटांनी त्याने केवळ मान वळवून वडिलांकडे पाहिले. ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हा खरे सांगत होता." आणि नंतर, "दे बघू इकडे, मी मारून पाहतो." मुलगा म्हणाला, "पपा, आधी डावीकडची काडी धरा." पुढचा पाऊण तास आमच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि आम्हीही चहा घेत स्वस्थ बसलो.

तेव्हा आमचे पहिले सांगणे हे की, नवा टीव्ही घेण्यापूर्वी घरातल्या टीव्हीचा गेम मोड लावून पाहावा. पुष्कळांचे काम तेवढ्यानेच भागेल. ह्या कुटुंबाचा टीव्ही तसाही निकामी होत चालला होता, म्हणून त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न उरलाच.

आता त्या 120 हर्ट्झविषयी. टीव्ही एका सेकंदात किती वेळा चित्र बदलू शकतो, त्याची ही संख्या. 60 हर्ट्झवर प्रत्येक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते, तर 120 वर 8.3. चपळ खेळांत हा फरक डोळ्यांस जाणवतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु टीव्ही 120 चा असून भागत नाही, खेळानेही तेवढी चित्रे पुरवावी लागतात, आणि प्लेस्टेशन 5 वरील बहुसंख्य खेळ सेकंदाला 30 किंवा 60 चित्रेच देतात. आपल्या गोव्यात घरोघरी खेळला जाणारा फुटबॉलचा खेळ, जो पूर्वी फिफा ह्या नावाने ओळखला जाई व 2023 पासून ईए स्पोर्ट्स एफसी ह्या नावाने निघतो, तो 60 चाच आहे. ह्या मुलाचे नव्वद टक्के खेळणे त्यातच. मग 120 साठी पैसे मोजून तो काय पाहणार?

येथे आमची स्वतःची फजिती सांगण्यास हरकत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका दुकानातून खोक्यावर मोठ्या अक्षरांत '120' लिहिलेला टीव्ही आणला. घरी आल्यावर कळले की, तो आकडा हर्ट्झचा नसून कंपनीने हालचालीच्या गुळगुळीतपणास दिलेल्या स्वतःच्या नावापुढील होता. आतील पडदा 60 चाच होता. दुकानदार म्हणाला, "आम्ही खोटे कुठे लिहिले?" आणि खरेच, त्याने तसे लिहिले नव्हते. म्हणून 'मोशन', 'रेट' असले शब्द आकड्याच्या मागेपुढे दिसले की पडद्याचा मूळ रिफ्रेश रेट किती, हे स्पष्ट विचारावे व बिलावर लिहून घ्यावे.

'एचडीएमआय 2.1' ह्या अक्षरांचीही तीच कथा. हा नियम 2017 साली ठरला, आणि त्यातील वरची मर्यादा सेकंदाला 48 गिगाबिटांची आहे, आधीच्या 2.0 ची 18 होती. परंतु 2.1 मधील बहुतेक सोयी ऐच्छिक ठेवल्या असल्याने, ज्या टीव्हीत 120 हर्ट्झ मुळीच नाही त्यावरही 2.1 लिहिता येते. शिवाय चार एचडीएमआय भोकांपैकी बहुधा एकदोनच पूर्ण शक्तीची असतात, आणि कधी कधी त्यांतीलच एक साउंडबारसाठी राखलेले असते. कन्सोल कोणत्या भोकात लावावयाचा, हे पुस्तिकेत पाहावे. प्लेस्टेशन 5 च्या खोक्यात योग्य ती केबल येतेच, तेव्हा दुकानदाराने महागडी केबल पुढे केली तर नम्रपणे परत करावी.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कन्सोलच पिशवीत घालून दुकानी न्यावा. साखळी, डिचोली किंवा म्हापसे येथील दुकानदारास विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाची एवढी विनंती मान्य करणे जड जाऊ नये. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुटची माहिती देणारे एक पान आहे. समोरचा टीव्ही काय काय स्वीकारतो, ते त्यावर स्वच्छ दिसते. जाहिरातीपेक्षा हे पान बरे.

व्हीआरआर नावाची एक सोय आहे, जिच्यामुळे टीव्ही खेळाच्या कमीजास्त गतीशी आपली गती जुळवून घेतो. प्लेस्टेशन 5 ला ती 2022 साली मिळाली. ती सेकंदाला 48 ते 120 चित्रांच्या दरम्यान चालते, म्हणून 60 हर्ट्झच्या टीव्हीवर तिचा लाभ नगण्य. कन्सोल सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडवर नेणारी एएलएलएम ही सोय मात्र अवश्य पाहावी. घरात आजी मालिका पाहते, मुलगा खेळतो, आणि प्रत्येक वेळी मोड बदलण्याचे कोणाच्याही ध्यानात राहत नाही.

एचडीआरविषयी थोडक्यात एवढेच की, स्वस्त टीव्ही तो संदेश स्वीकारतो खरा, पण दाखविण्यास लागणारे तेज त्याच्यापाशी नसते. ओलेड टीव्हीचा काळा रंग अप्रतिम, विलंबही अत्यल्प. तथापि त्यावर गुणफलकासारखे न हलणारे चित्र वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात राहिल्यास त्याची सावली कायमची उमटण्याची भीती असते. रोज फुटबॉल खेळणाऱ्या घरात आम्ही तरी तो सुचविणार नाही.

आकाराचा हिशेब सोपा आहे. टीव्हीच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप घ्यावे व त्याच्या दीडपट अंतरावर बसावे. 43 इंचांस सुमारे साडेपाच फूट, 55 इंचांस सुमारे सात फूट. त्यांच्या बैठकीच्या खोलीत खुर्ची टीव्हीपासून सहा फुटांवर येते. पुढे सरण्यास जागा आहे, मागे मात्र भिंत आहे. खिडकी समोर असल्याने दुपारी काचेवर उजेड पडतो, तेव्हा टीव्हीची जागा बदलून आडव्या भिंतीशी नेली.

राहिला पैशांचा प्रश्न. हे गृहस्थ खनिजाचा ट्रक चालवीत. मार्च 2018 मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकचे हप्ते अंगावर होते, आणि ते फेडताना घरातले काय काय गेले हे त्यांनी आम्हांस न विचारता सांगितले. अशा माणसाने टीव्हीसाठी पुन्हा हप्ता बांधावा, हे आमच्या मनास पटेना. 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला आहे, तेवढा आधार आहे. आम्ही मुलासमक्ष सांगितले : 43 इंच, फोर-के, खरा 60 हर्ट्झ, गेम मोडमधील विलंब 15 मिलिसेकंदांच्या आसपास, एएलएलएम असलेला, आणि रोखीने. मुलगा क्षणभर खट्टू झाला. मग त्याने विचारले, "पण त्यात उशीर होणार नाही ना?" नाही म्हटल्यावर त्याने मान डोलावली.

विजेचेही त्याने विचारले. कन्सोल खेळताना सुमारे 200 वॅट ओढतो. टीव्हीचे 100 धरल्यास तीन तासांस पाऊण ते एक युनिट. ज्यांच्या घराजवळून खनिजाचे ट्रक जातात, त्यांनी कन्सोलच्या झरोक्यांतील तांबडी धूळ महिन्यातून एकदा तरी मऊ ब्रशाने काढावी. मे महिन्याच्या अखेरीस विजा कडाडू लागल्या की टीव्ही व कन्सोल ह्यांचे प्लग काढावेत, आणि ब्रॉडबँडची तारही सोडवून ठेवावी. प्लग काढूनही ती तार तशीच राहिल्याने यंत्रे जळतात.

टीव्ही साखळीहून गेल्या शनिवारी आला. बापलेकांनी कन्सोल पिशवीतून दुकानी नेला होता, आणि पहिले दोन टीव्ही मुलानेच नापसंत केले, असे कळते. जुन्या 32 इंचांच्या टीव्हीचे आता काय करावे, असे त्यांनी पुन्हा लिहिले आहे. त्याविषयी पुढील अंकी.