गाडी परत येते का?

आमच्या लेडीज होस्टेलच्या मेसमधल्या मावशींच्या वस्तीत गेल्या वर्षी कॅन्सर तपासणीची गाडी आली होती. बॅनर, फोटो, बिस्किटांचे पुडे, सगळं झालं. मावशींना एक चिठ्ठी मिळाली – ‘पुढील तपासणीसाठी रुग्णालयात यावे.’ ती चिठ्ठी सहा महिने रेशनकार्डाच्या पिशवीत पडून होती!

“का नाही गेलात?” मी विचारलं.

“अगं, सकाळचा नाष्टा कोण करणार तुमचा? आन् तिथं जाऊन भेटायचं कुणाला?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण तेव्हा आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता फिरत्या तपासणी गाडीचा! जनरेटर, एसी, सस्पेन्शन... चिठ्ठीनंतर काय, हा कॉलमच आमच्या रिपोर्टमध्ये नव्हता.

खरं तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पहिल्या तपासणीला मोठं मशीन लागतच नाही. पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिनेगर, लावायचं, मिनिटभर थांबायचं. संशयास्पद भाग पांढरा दिसतो. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हेच केलं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता दुसरी बाजू. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. तिथे व्हिनेगरची तपासणी एकदाच झाली, आणि मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. एचपीव्ही चाचणीने मात्र एकाच फेरीत मृत्यू जवळपास निम्मे झाले. पण ही चाचणी प्रयोगशाळेत जाते. दोष निघाला तर त्या बाईला शोधून पुन्हा बोलवावं लागतं. म्हणजे तिथेही परत जाणं आलंच की!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : एकदाच येऊन जाणाऱ्या दहा गाड्यांपेक्षा, नावांची वही घेऊन पुन्हा येणारी एक आरोग्यसेविका जास्त उपयोगाची. आपल्या एनएसएसच्या कॅम्पमध्ये किती जणींना तपासलं हे आपण दरवर्षी छापतो. किती जणी पुढे दवाखान्यात पोहोचल्या, हे कोणी मोजलंय? (मी गेल्या वर्षी कॅम्पला होते. मीही नाही मोजलं.)

मावशींची तारीख येत्या गुरुवारी आहे. सोबत मी जाणार आहे. रेक्टर मॅडमनी परवानगी दिली आहे, मेस कॉन्ट्रॅक्टरने पगार न कापण्याचं कबूल केलंय. त्या दिवशी पोहे नाहीत, ब्रेड-बटर आहे. कृपया मेसच्या तक्रारवहीत लिहू नये!