अपुरी नोंद आणि खेळाडूंचे गुण

गुण देणें हें शिक्षकाचें नित्याचें काम. म्हणूनच अमेरिकेंतील एका बैठ्या खेळांतील गुणांचा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटला. बेसबॉलच्या जुन्या खेळाडूंस कागदावर पुन्हां खेळविणारा हा खेळ होय. हॅल रिचमन यांनीं १९६१ सालीं काढलेला ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा त्या प्रकारांतील विशेष प्रसिद्ध. त्यांत प्रत्येक खेळाडूचें एक कार्ड असतें. तीन फांसे टाकावयाचे. पहिल्यावर १ ते ३ पडल्यास फलंदाजाचें कार्ड पाहावयाचें, ४ ते ६ पडल्यास गोलंदाजाचें. उरलेल्या दोन फांशांच्या बेरजेसमोर जें लिहिलें असेल, तें घडलें असें मानावयाचें. हा मजकूर खेळाडूच्या प्रत्यक्ष कामगिरीच्या नोंदींवरून बसविलेला असतो.

परंतु नोंदच अपुरी असेल तर? जॉश गिब्सन या कृष्णवर्णीय फलंदाजाचें उदाहरण घ्या. केवळ वर्णामुळें मोठ्या लीगांचें दार त्याला बंद राहिलें. १९४७ च्या जानेवारींत तो वारला आणि त्याच वर्षीं एप्रिलांत जॅकी रॉबिन्सन त्या दारांतून आंत गेला. कृष्णवर्णीयांच्या लीगांचे हंगाम लहान असत. शिवाय पोटासाठीं गांवोगांवीं खेळलेल्या कित्येक सामन्यांचे आंकडे कोणीं जपलेच नाहींत. १९२० ते १९४८ या काळांतील अशा सात लीगांस मेजर लीगचा दर्जा मिळाला तो २०२० सालीं. २०२४ सालीं त्यांचे आंकडे मुख्य नोंदींत आले, तेव्हां गिब्सनची सरासरी हजारीं ३७२ ठरून टाय कॉबच्या ३६७ च्या पुढें गेली.

यावर कोणी म्हणतील कीं, कॉबनें अकरा हजारांहून अधिक वेळां फलंदाजी केली, गिब्सनच्या नोंदी तीन हजारही भरत नाहींत. मग तुलना कशी? आक्षेप खोटा नाहीं. पण ही उणीव खेळाडूची नव्हे, दार लावणारांची आहे. तिचा दंड गिब्सनकडून कां घ्यावा? उलट, दंतकथेंतील त्याचे आठशें उत्तुंग टोले जसेच्या तसे कार्डावर उतरविणें, हीही दया होईल, न्याय होणार नाहीं.

आमचें मत असें कीं, जेवढा पुरावा तेवढे गुण द्यावे, आणि तो किती सामन्यांवरून मिळाला हेंही शेजारीं स्पष्ट लिहावें. मात्र पुरावा थोडा म्हणून कार्डच न काढणें हा सर्वांत मोठा अन्याय होय. ज्याचें कार्ड नाहीं त्याच्यासाठीं फांसा कधींच पडत नाहीं. आणि पुढच्या पिढीचा मुलगा समजतो कीं, असा कोणी झालाच नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, कोरा रकाना आणि शून्य हीं दोन्हीं एक नव्हेत. गुणपत्रक वाचतांना, तें कोणाचेंही असो, एवढा भेद अवश्य ध्यानांत ठेवावा.