कोरे कलम

जून महिना उजाडला की महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांवर नवे फलक झळकू लागतात. कुठे पर्यटन व्यवस्थापन, कुठे माध्यमविद्या, कुठे विमा आणि बँकिंग. फलक रंगवणारा चित्रकार, माहितीपत्रक छापणारा मुद्रक, शुल्काचा आकडा ठरवणारा खजिनदार, या साऱ्यांना त्या अभ्यासक्रमाची वार्ता आधी कळते. ज्याने तो शिकवायचा त्या शिक्षकाला ती सर्वांत शेवटी कळते. त्याच्या हाती नियुक्तिपत्र पडते, आणि बहुधा त्याच आठवड्यात अभ्यासक्रमही पडतो. मग नवा अभ्यासक्रम जन्माला येतो तो कोणाच्या विचारातून? आणि त्या विचारात शिक्षकाला स्थान असावे असे कोणत्या करारात लिहिले आहे? ही विचारणा मी या लेखात करणार आहे आणि ती थोडी कठोर होईल.

प्रथम हे सांगावयास हवे की नियम नाहीत असे नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार प्रत्येक विद्यापीठाने पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावयाचा असतो. त्यात बसणाऱ्या अभ्यासक्रमासाठी संस्थेने अर्ज करावा आणि शासनाने मान्यता द्यावी, अशी ही वाट आहे. अभ्यासक्रमाचा आशय अभ्यासमंडळे व विद्यापरिषद ठरवतात आणि तेथे शिक्षक असतात, हेही खरे. पण विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर कोणी एक ज्येष्ठ प्राध्यापक बसला म्हणून आपल्या गावच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुणाला मत मिळाले असे होत नाही. आराखडा सांगतो की अमुक तालुक्यात अमुक अभ्यासक्रम चालेल. तो शिकवण्याची तयारी करावयास किती महिने लागतील, त्या महिन्यांचे वेतन कोण देणार, आणि दोन वर्षांनी विद्यार्थी आटले तर शिक्षकाचे काय, ही उत्तरे करारातच असावयास हवीत. आपल्याकडील करारात त्या जागी कोरा कागद आहे.

करार म्हणजे तरी काय? आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने मला आपले नियुक्तिपत्र दाखवले होते. अकरा महिन्यांची मुदत, ठोक वेतन, आणि त्यानंतर एक वाक्य, की व्यवस्थापन सोपवील ते सर्व काम करणे बंधनकारक राहील. या एका वाक्याच्या आधारे त्या महाविद्यालयाने उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडून एका नव्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा आराखडा, वाचनसूची, प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक आणि प्रश्नपेढी असे सारे लिहून घेतले. सुट्टीचे वेतन नव्हते, कारण मुदत एप्रिलमध्ये संपली होती आणि नवी जूनमध्ये सुरू व्हावयाची होती. तिसऱ्या वर्षी प्रवेश घटले, अभ्यासक्रम बंद झाला आणि तो घरी बसला. त्याने लिहिलेले कागद मात्र महाविद्यालयाच्या कपाटात राहिले. यात कोणी कायदा मोडला असे मी म्हणत नाही. कराराने अन्यायाला नियमाचे वस्त्र नेसवले होते.

या परिस्थितीचे मूळ शोधू जाता १९८३ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. पुढे 'कायम विनाअनुदानित' असा एक विलक्षण शब्दप्रयोग शासकीय भाषेत रूढ झाला. मराठी भाषेचा असा उपहास क्वचितच झाला असेल. 'कायम' हे विशेषण विनाअनुदानाला चिकटले, शिक्षकाला कधी चिकटले नाही. शासनाने तिजोरीचे दार लावून घेतले की संस्थेला नवे अभ्यासक्रम शुल्काच्या बळावरच चालवावे लागतात, आणि शुल्कावर चालणारा अभ्यासक्रम दुकानातील मालाप्रमाणे मांडला व काढला जातो. संस्थाचालकांची ही अडचण मी जाणतो. परंतु अडचण संस्थेची आणि जोखीम सारी शिक्षकाची, ही विभागणी कोणत्या न्यायाने?

५ सप्टेंबरला आपण शिक्षकांना गुलाबाची फुले देतो. ५ ऑक्टोबर मात्र आपल्याकडे फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. १९६६ साली याच दिवशी पॅरिसमध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी पुढाकार घेतलेल्या परिषदेत शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस संमत झाली. नवे अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व अध्यापनसाधने यांच्या घडणीत शिक्षकांनी आणि त्यांच्या संघटनांनी सहभागी असावे, असे तीत निःसंदिग्धपणे म्हटले आहे. ती शालेय शिक्षकांसाठी होती. उच्च शिक्षणातील अध्यापकांसाठी १९९७ मध्ये युनेस्कोने स्वतंत्र शिफारस केली आणि तिनेही संस्थेच्या कारभारात अध्यापकांचा वाटा मान्य केला. शिफारस बंधनकारक नसते. म्हणूनच ती करारात उतरवावी लागते.

ज्या देशांत ती उतरली तेथेही लढाई सोपी नव्हती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७५ च्या कायद्याने सार्वजनिक शाळा व सामुदायिक महाविद्यालये यांतील शिक्षकसंघटनांना सामूहिक कराराचा हक्क दिला आणि अभ्यासक्रमाच्या आशयाविषयी विचारविनिमयाचा हक्कही मान्य केला. १९८८ मध्ये सामुदायिक महाविद्यालयांसाठी आणखी एक कायदा झाला. त्याच्या अनुषंगाने केलेल्या नियमांत, ज्या विषयांवर नियामक मंडळाने अध्यापकसभेशी विचारविनिमय करावयाचा त्यांची यादी आहे, आणि नव्या शैक्षणिक कार्यक्रमांचा विकास हा तीत एक विषय आहे. मंडळाने प्रामुख्याने अध्यापकसभेच्या सल्ल्यावर विसंबावे किंवा तिच्याशी परस्पर सहमती करावी. सल्ल्यावर विसंबण्याचे ठरवून मग तो नाकारला, तर मागणी होताच कारण लेखी द्यावे. वाचकहो, 'कारण लेखी द्यावे' या तीन शब्दांचे मोल आपल्याकडील कोणत्याही शिक्षकाला विचारा. आपल्याकडे 'व्यवस्थापनाचा निर्णय' हेच कारण असते आणि तेही तोंडी.

पण त्याच देशात एक विचित्र कोडेही निर्माण झाले. न्यूयॉर्कच्या येशिवा या खाजगी ज्यू विद्यापीठातील अध्यापकांनी संघटना केली. विद्यापीठाने तिच्याशी वाटाघाटी नाकारल्या आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विद्यापीठाची बाजू उचलून धरली. अभ्यासक्रम कोणते, ते कसे शिकवावे, प्रवेश कोणाला द्यावा, हे सारे अध्यापकच ठरवतात, म्हणजे ते व्यवस्थापकच होत, आणि व्यवस्थापकाला कामगारांसाठीच्या कायद्याचे संरक्षण नाही, असा तो युक्तिवाद. अभ्यासक्रम घडवण्याचा अधिकार वापरलात तर कराराचा हक्क गमावलात!

आपल्याकडे काय झाले? १९८८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर गोव्यातील एका शिक्षिकेचे प्रकरण आले. शाळा धर्मभगिनींनी चालवलेली होती. औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक हा कामगार ठरतो काय, असा प्रश्न होता. न्यायालयाने नाही म्हटले. अध्यापन हे अंगमेहनतीचे, कारकुनी वा तांत्रिक काम नव्हे, ते उदात्त व्रत आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. वाचताना मान आदराने लवते. पण अमेरिकेतील अध्यापक निर्णय घेतो म्हणून कामगार नव्हे आणि आपला शिक्षक व्रतस्थ आहे म्हणून कामगार नव्हे, असे झाले. त्या अध्यापकाच्या हाती निदान अभ्यासक्रमाची लेखणी तरी आहे. आपल्या विनाअनुदानित शिक्षकाच्या वाट्याला नुसते व्रत आले. व्रतस्थाला उपास घालण्याची आपली परंपरा जुनी आहे.

संस्थाचालकांचे म्हणणे मी अनेकदा ऐकले आहे. शिक्षकांना विचारत बसलो तर काहीच नवे उभे राहणार नाही, ते आपला कार्यभार वाचवण्यासाठी मेलेले विषय कवटाळून बसतात, असे ते म्हणतात. या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. तासिकांच्या संख्येवर पदे अवलंबून असल्यामुळे विद्यार्थ्यांना नको असलेला विषय केवळ पद टिकावे म्हणून वर्षानुवर्षे चालवला गेल्याची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. शिक्षकसंघटनाही वेतनश्रेणीसाठी जितक्या त्वेषाने रस्त्यावर येतात तितक्या अभ्यासक्रमासाठी येत नाहीत. परंतु याचा उपाय शिक्षकाला दालनाबाहेर ठेवणे हा नव्हे. करारात मुदत लिहा. नव्या अभ्यासक्रमाचा लेखी प्रस्ताव संबंधित विषयाच्या सर्व शिक्षकांना, तासिका तत्त्वावरील धरून, एक सत्र आधी मिळावा. त्यांनी तीस दिवसांत मत द्यावे, न दिल्यास संमती समजावी. अडवणूकही संपली आणि अंधारही संपला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तयारीच्या वेळेची. वर्गात उभे राहून शिकवलेला तास हाच काय तो तास, अशी आपली हिशेबाची रीत आहे. जुना विषय दहाव्यांदा शिकवणारा आणि नवा विषय शून्यातून उभारणारा, दोघांचा तास सारखाच मोजला जातो. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली आणि कौशल्याधारित विषय, कार्यानुभव, भारतीय ज्ञानप्रणाली असे कित्येक विषय एकदम अंगावर आले. त्यांची पाठटिपणे रात्री जागून कोणी लिहिली? अभ्यासक्रम घडवणे हे काम आहे, तर ते कार्यभारात मोजले जावे आणि त्याचे वेतन मिळावे. ज्याने लिहिले त्याचे नाव त्या कागदावर असावे. तो गेल्यानंतर संस्थेला तो वापरावयाचा असेल तर त्याच्या संमतीने वापरावा. आणि अभ्यासक्रम गुंडाळावयाचा झाला तर प्रवेश घेतलेल्या शेवटच्या तुकडीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत शिक्षकाची नेमणूक टिकावी. यात विद्यार्थ्याचेही हित आहे. तिसऱ्या वर्षी चार शिक्षक बदललेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आता आपल्या घराकडे वळतो. कॅथलिक संस्थांना हा विषय परका नाही. कामगाराच्या संघटनेचा हक्क पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्येच सांगितला, आणि अमेरिकेच्या धर्माध्यक्षांनी १९८६ मध्ये अर्थव्यवस्थेविषयीच्या पत्रात तो हक्क ख्रिस्तसभेच्या संस्थांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. तरीही पिट्सबर्गच्या ड्युकेन या कॅथलिक विद्यापीठातील अंशकालीन अध्यापकांनी २०१२ मध्ये संघटनेच्या बाजूने मत दिले, तेव्हा विद्यापीठाने धर्मस्वातंत्र्याची ढाल पुढे केली आणि २०२० मध्ये अपील न्यायालयातून ती टिकवून घेतली. जॉर्जटाऊन या येशूसंघीय विद्यापीठाने मात्र २०१३ मध्ये आपल्या अंशकालीन अध्यापकांच्या संघटनेला विरोध केला नाही. दोन्ही विद्यापीठे एकाच ख्रिस्तसभेची आहेत आणि दोन्हींच्या प्रार्थनालयांत तेच शुभवर्तमान वाचले जाते.

आपल्याकडे ढालीचे नाव घटनेचे अनुच्छेद ३० असे आहे. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क ते देते, आणि तो हक्क मला प्राणाइतका मोलाचा वाटतो. पण संस्था चालवण्याचा हक्क म्हणजे शिक्षकाला न विचारण्याचा हक्क, असा अर्थ त्या अनुच्छेदात कोठे आहे? त्याच हक्काच्या बळावर आपण शासनाची वा विद्यापीठाची वाट न पाहता आपल्या नियुक्तिपत्रात हवे ते कलम उद्या घालू शकतो. त्याला इरादापत्र लागत नाही. व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीत ठराव होऊ शकतो, आणि पुढील जूनची नियुक्तिपत्रे टंकलिखित होण्यापूर्वी एप्रिलमध्ये अशी एक बैठक होतच असते.