यमुनेचे निर्माल्य

महाराष्ट्रातून दिल्लीस येणाऱ्या पाहुण्यांना काय काय दाखवावे याची प्रत्येक दिल्लीकर मराठी कुटुंबाची एक यादी ठरलेली असते. कुतुबमिनार, लाल किल्ला आणि राजघाट यांच्या जोडीला त्या यादीत गेल्या काही वर्षांत एका नव्या ठिकाणाची भर पडली आहे. ते म्हणजे सराय काले खाँजवळचे 'वेस्ट टू वंडर' उद्यान. तत्कालीन दक्षिण दिल्ली महानगरपालिकेने ते फेब्रुवारी २०१९ मध्ये खुले केले. ताजमहाल, आयफेल मनोरा, पिसाचा कलता मनोरा, रोमचे कलोसियम अशी सात आश्चर्ये तेथे एका आवारात उभी आहेत आणि ती सर्व मोटारींचे सुटे भाग, पंखे, सळया, पत्रे, सायकलींची चाके अशा भंगारातून घडविलेली आहेत. भंगार सुमारे १५० टन आणि खर्च सुमारे साडेसात कोटी रुपये. संध्याकाळी दिवे लागले की पाहुणे प्रसन्न होतात. पहिल्या खेपेस मीही झालो होतो.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून बहीण आणि भाची आल्या असता त्यांनाही तेथे नेले. भाची महाविद्यालयात शिकते. तिने सर्व पाहून झाल्यावर विचारले, "मामा, नदी इथून इतकी जवळ आहे, तर हा कचरा नदीतून काढलाय का?" मी म्हटले, नाही, हा महापालिकेच्या भांडारांतला माल. त्यावर ती म्हणाली, "मग नदीतला कुठे आहे?"

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला देता यावयास हवे. भंगार आणि कचरा या दोन निराळ्या वस्तू आहेत. भंगाराला भाव असतो. कबाडी ते वजन करून घेतो व पैसे मोजतो. कचऱ्याचा भाव उणे असतो, म्हणजे तो उचलावा म्हणून आपल्यालाच पैसे मोजावे लागतात, आणि ते मोजावयास कोणी तयार नसले की तो नाल्यावाटे नदीत जातो. महापालिकेने शिल्पांसाठी वापरले ते भंगार. कबाड्यानेही नाकारलेले गुटख्याचे व शाम्पूचे पुडे, थर्मोकोल आणि चिंध्या हे सर्व जेथल्या तेथे राहिले. दिल्लीत रोज सुमारे ११,००० टन घनकचरा निघतो. त्या हिशेबाने १५० टन म्हणजे या शहराचा वीस मिनिटांचा कचरा. उद्यान वाईट आहे असे मी म्हणत नाही. माणसांना फिरावयास चांगली जागा मिळाली आहे. परंतु असे प्रकल्प वार्षिक अहवालात 'स्वच्छता' या शीर्षाखाली मांडले जातात, तेथे माझी हरकत आहे. असे अहवाल मीही लिहिले आहेत, म्हणून हे ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला घेऊन जुन्या लोखंडी पुलाजवळ काठावर गेलो. वजिराबाद ते ओखला हा यमुनेचा दिल्लीतला प्रवाह अवघा २२ किलोमीटरांचा, नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पण तिच्या प्रदूषणाचा सुमारे पाऊण हिस्सा याच टप्प्यात तिच्या पदरी पडतो. काठावर दोन प्रकारचा माल दिसतो. एक लाकूड: मुळांसकट उपटलेले बुंधे, घासून गुळगुळीत झालेल्या फांद्या. हे येते ते केवळ पावसाळ्यात, हथनीकुंडाहून मोठा विसर्ग सुटतो तेव्हा. १३ जुलै २०२३ रोजी याच लोखंडी पुलापाशी पाण्याने २०८.६६ मीटरची पातळी गाठून १९७८ चा विक्रम मोडला होता. तशा पुरात काय काय वाहून येते याची कल्पना करावी. दुसरा माल प्लास्टिकचा, जो बाराही महिने नजफगढसारख्या नाल्यांतून येतो. लाकूड आणते ती नदी, प्लास्टिक आणते ते शहर. एरवीच्या महिन्यांत डोंगरातले पाणी येथवर जवळजवळ पोहोचतच नाही, त्यामुळे लाकडाचा ओंडका हा नदी अजून जिवंत असल्याचा एक पुरावाच म्हणावयाचा.

आणि तिसरा माल आपला. त्याला मराठीत इतका नेमका शब्द आहे की अन्य भाषिक सहकाऱ्यांना तो समजावून सांगताना माझी तारांबळ उडते: निर्माल्य. देवाला वाहिलेले, आता देवाचे न उरलेले, तरीही पायदळी येऊ नये असे. येथे ते प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरून सोडतात. निजामुद्दीनच्या व आयटीओच्या पुलांवर त्यासाठी जाळ्या बसविल्या आहेत, आणि त्या जाळ्यांना पिशवीच्या मापाची भोकेही पाडलेली आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१५ च्या निकालात पूजासाहित्य नदीत टाकणाऱ्यास ५,००० रुपये दंड सांगितला. ही याचिका मनोज मिश्र यांची होती. भारतीय वन सेवेतून बाहेर पडून यमुनेसाठी झटलेले हे गृहस्थ जून २०२३ मध्ये वारले. पुढे २०१९ मध्ये मूर्तिविसर्जनासाठी ५०,००० रुपये दंडाचे निर्देश आले व कृत्रिम तलाव खोदण्यात येऊ लागले. त्याआधीची अनेक वर्षे आम्ही दिल्लीकर मराठी मंडळी ढोल वाजवीत यमुनेवरच जात होतो, हे लिहून ठेवलेले बरे. त्या गणपतींच्या आतील लोखंडी तारा अजून गाळात असतील.

या मालातून काही घडविता येईल का? झालेले आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये लोखंडी पुलाजवळच्या गोल्डन ज्युबिली पार्कात 'यमुना-एल्ब' हा सार्वजनिक कलेचा उपक्रम झाला; दिल्ली आणि जर्मनीतील हॅम्बुर्ग या दोन नदीकाठच्या शहरांचा तो संयुक्त प्रकल्प होता. त्यात आसिम वाकिफ या वास्तुशास्त्र शिकलेल्या कलावंताने टाकाऊ प्लास्टिकच्या बाटल्या बांधून, त्यांत दिवे सोडून 'हेल्प' ही इंग्रजी अक्षरे यमुनेच्या पाण्यावर तरंगविली होती. ताजमहालाच्या प्रतिकृतीपुढे आपण छायाचित्र काढतो. त्या अक्षरांपुढे मात्र हाक कोण मारीत आहे, नदी की आपण, असा विचार करावा लागतो. आणि उपक्रम संपल्यावर ती तेथे उरली नाहीत, हेही मला योग्य वाटते.

प्रशासनाने अशा कलेशी कसे वागावे याचे आपल्याकडील मोठे उदाहरण चंडीगढचे आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी १९५७ पासून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात, कोणासही न सांगता, फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे आणि नव्या शहरासाठी उठविलेल्या गावांचा राडारोडा यांतून मूर्ती घडविल्या. दगडगोटे नदीपात्रांतून सायकलीवर आणले. १९७० च्या दशकात हे उघडकीस आले तेव्हा नियमाप्रमाणे उत्तर एकच होते: अतिक्रमण हटवावे. तसे न करता प्रशासनाने १९७६ मध्ये ती बाग लोकांना खुली केली, नेकचंदांना वेतन, पद आणि मजूर दिले. निविदा काढली नाही. काढली असती तर सर्वांत कमी दराचा कंत्राटदार मिळाला असता आणि नेकचंद रस्ते मोजीत राहिले असते.

हे उदाहरण मी पूर्वी प्रशिक्षणार्थींना कौतुकाने सांगत असे. एकदा एका मुलीने विचारले, "सर, २००४ मध्ये यमुना पुश्त्यावरच्या झोपड्या हटवल्या, त्याही अतिक्रमणच होत्या ना?" त्या दिवसापासून मी ते जरा सावधपणे सांगतो. सौंदर्यासाठी वाकणारा नियम निवाऱ्यासाठी का वाकत नाही, याचे उत्तर माझ्या टिपणीच्या भाषेत सापडलेले नाही. आणि सौंदर्यासाठीही तो कायमचा वाकत नाही: २०२५ च्या आरंभी उच्च न्यायालयाजवळच्या रस्ता व वाहनतळासाठी त्याच रॉक गार्डनची भिंत काही भागात पाडण्यात आली.

यमुनाकाठी मात्र नियम वाकविण्याची गरजच नाही. पूरक्षेत्र 'ओ' विभागात मोडते आणि तेथे पक्के बांधकाम नको, हे योग्यच आहे. तेव्हा पाणी ओसरल्यावर, कार्तिकात, काठावरच जमविलेल्या लाकडातून व कचऱ्यातून शिल्पे उभी राहावीत; पाया नाही, सिमेंट नाही, तिकीट नाही. शेजारी पाटी असावी, हा माल कोणत्या नाल्याच्या तोंडी किती किलो मिळाला याची. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती उतरवावीत, प्लास्टिक तोलून महापालिकेच्या ताब्यात द्यावे, लाकूड तेथेच कुजू द्यावे. प्लास्टिक उतरविण्याची जबाबदारी लेखी हवी, अन्यथा पहिल्या पुरात तोच कचरा ओखल्याला पोहोचेल व आम्ही त्याला कला म्हटलेले असेल. दरवर्षीच्या पाट्या जपून ठेवल्या तर कोणता नाला सुधारला हे कोणीही वाचू शकेल.

परवानगी कोणाकडे मागावयाची हा खरा अडथळा आहे. जमीन दिल्ली विकास प्राधिकरणाची, आयटीओचा बंधारा हरियाणाचा, ओखल्याचा उत्तर प्रदेशाचा, नाले आणखी दोघातिघांचे. एखादा शिल्पकार अर्ज घेऊन निघाला तर त्याचे लाकूड त्याआधी कुजेल. एकच खिडकी, एका पानाचा अर्ज आणि पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजावे, इतके केले तरी पुरे.

एका गोष्टीचा मात्र निकाल मला लावता आलेला नाही. परत फिरताना भाचीला गाळात एक चौरंग दिसला. एक पाय मोडलेला, वर लाल कापडाचे धागे खिळ्यांत अडकलेले. "हा शिल्पात चालेल ना मामा?" असे म्हणून तिने तो उचलावयास हात घातला. माझ्या बहिणीने फोनवर हे ऐकले तेव्हा ती चटकन म्हणाली, "अगं, देवाचा आहे तो, राहू दे." तिघांपैकी कोणाचे चुकले हे मला ठरविता येईना. चौरंग तेथेच राहिला.