पुठ्ठ्याचें शिनगार्ड

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु शाळेच्या क्रीडांगणावर पाहिलें असतां, पुढच्यास ठेच लागूनही मागचे सर्व तसेच धांवत राहतात, असें खेदानें म्हणावें लागतें. या दोषांत आम्ही शिक्षकही वांटेकरी आहोंत, हें आरंभींच कबूल करतों.

गेल्या हंगामांतील गोष्ट. आमच्या फुटबॉल संघांतील नववीचा एक विद्यार्थी शिनगार्ड घरीं विसरून आला. सामना दहा मिनिटांवर आलेला. त्यानें वहीचा पुठ्ठा फाडून मोज्यांत खोंवला. तो आम्हीं पाहिला. पण मुलगा संघाचा आधारस्तंभ. "असूं द्या, एकच तर सामना आहे," असें मनाशीं म्हणून त्यास मैदानांत जाऊं दिलें. उत्तरार्धांत प्रतिपक्षाच्या खेळाडूचा बूट नेमका नडगीवर बसला व हाड मोडलें. मुलगा तीन महिने घरीं पडून होता. त्याच्या आईनें आम्हांस एकच प्रश्न विचारला, "सर, तुम्ही बघितलं होतं ना?" त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

या खेळाच्या नियमावलींतील चौथा नियम खेळाडूच्या साधनांविषयीं आहे. १९९० सालापासून शिनगार्ड अनिवार्य आहे. तें योग्य पदार्थाचें, पुरेसें संरक्षण देणारें व मोज्यानें झांकलेलें असावें लागतें. अंगठी, साखळी, कडें हीं काढलींच पाहिजेत. वर चिकटपट्टी लावूनही चालत नाहीं. शिनगार्डाचें माप व योग्यता यांची जबाबदारी खेळाडूची, असेंही २०२४ सालीं नियमांत स्पष्ट झालें. प्रौढ खेळाडूंपुरतें हें ठीक आहे. परंतु चौदा वर्षांच्या मुलावर ती टाकून आपण हात झटकावे, हें आम्हांस मान्य नाहीं. आपल्या कबड्डींतही नखें कापलेलीं असावीं व अंगावर दागिने नसावे, असा नियम आहेच. तो परक्यांचा थाट नव्हे. समोरच्याच्या शरीराचा तो मान आहे.

दांतांविषयीं मात्र आपल्या फुटबॉलचा नियम मौन धरतो. अमेरिकेंत फुटबॉल या नांवाचा जो वेगळा, अंगावर अंग आदळणारा खेळ आहे, त्यांत १९६२ सालीं माध्यमिक शाळांतील खेळाडूंस तोंडांत माउथगार्ड घालणें सक्तीचें झालें. आपल्याकडे निदान गोलरक्षकानें व हॉकी खेळणारांनीं तें वापरावें, असें आमचें मत आहे. दुधाचा दांत पडला तर नवा येतो. कायमचा गेला तर येत नाहीं. असा दांत निखळल्यास मुळास हात न लावतां तो दुधांत ठेवावा व मुलास तासाभराच्या आंत दंतवैद्याकडे न्यावें.

कित्येक मुलांस साधनें घालणें भित्रेपणाचें वाटतें. त्यांनीं क्रिकेटपटू रमण लांबा यांचें स्मरण करावें. १९९८ च्या फेब्रुवारींत ढाका येथें ते हेल्मेट न घालतां फलंदाजाच्या अगदीं जवळ क्षेत्ररक्षणास उभे राहिले; षटकाचे थोडेच चेंडू उरले होते. चेंडू डोक्यास लागला व तीन दिवसांनीं त्यांचें निधन झालें. "थोडेच चेंडू" आणि "एकच सामना", हे एकाच जातीचे शब्द आहेत.

पालकांस खर्चाची चिंता वाटेल. ती रास्त आहे. म्हणून शाळेनें निरनिराळ्या मापांच्या जोड्यांची एक पेटी मैदानावर ठेवावी. गरिबीमुळें एकही मुलगा बाहेर बसतां कामा नये. पण नियम सर्वांस एकच असावा. वळ, पूर्णा, राहनाळ या गांवांतील भाताच्या खाचरांवर आज गोदामें उभीं आहेत. तेथें काम करणारा बाप डोक्यावर हेल्मेट घालतो, त्यास कोणी भित्रा म्हणत नाहीं; मग त्याच्या मुलानें नडगी उघडी कां ठेवावी?

नियम सोप्या दिवशीं पाळला जातो, त्यांत विशेष नाहीं. जो नियम उत्तम खेळाडूपुढें आणि अंतिम सामन्यांत नमतो, तो नियमच नव्हे. यापुढें प्रत्येक सामन्यापूर्वीं प्रत्येक मोजा आम्ही स्वतः तपासूं. उद्यां आमचा कर्णधारच साधनांवांचून आला, तर तो बाहेर बसेल. गरज पडल्यास आम्ही दहाजणांनिशीं खेळूं, कदाचित् हरूं. पालकांनो, त्या दिवशीं "असूं द्या, सर" असें म्हणून आम्हांस मोहांत घालूं नका. ढाल पुढल्या वर्षींही जिंकतां येईल. एखाद्या आईच्या त्या प्रश्नाचें उत्तर मात्र आजच तयार ठेवावयास हवें.