धक्का थांबला, पण पूल पाहिलात का?



तुळईचे टोक भिंतीवर अपुरे टेकले असेल, तर भिंत हलताच तुळई निसटते. महामार्गाच्या पुलाचेही तसेच आहे. भूकंपात खांब हलतात आणि वरचा गाळा बैठकीवरून घसरतो.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेत भूकंप झाला. सॅन फ्रान्सिस्को व ओकलंड यांना जोडणाऱ्या दुमजली पुलाचे बोल्ट तुटले आणि वरचा सुमारे १५ मीटर रस्ता खालच्या मजल्यावर कोसळला. तिथली बैठक वीतभरही नव्हती. धक्का थांबल्यावर एक मोटार त्या खिंडारात गेली. चालक बाई दगावल्या.

म्हणून आता बैठक रुंद ठेवतात आणि गाळा घसरू नये म्हणून अटकाव बसवतात. कडब्याची पेंढी बंधाने आवळावी, तशा खांबात लोखंडी रिंगा जवळजवळ घालतात. पण जुने पूल पुष्कळ आहेत.

तेव्हा भूकंपानंतर गाडी किंवा ट्रॅक्टर लगेच पुलावर घालू नका. आधी काठावरून पाहा. सांधा फाकला आहे का? कठडा वाकडा दिसतो का? खांबाला तडा गेला आहे का? तसे दिसले, तर दोन्ही बाजूंची वाहने थांबवा आणि तहसील कचेरीत कळवा. दूध नासले तर नासू द्या, उद्या पुन्हा धार काढता येईल.